भराव एकाचा, पाणी दुसऱ्याच्या दारात

नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं उठवली गेली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे, वरचे ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. पारगावच्या अंगाला असलेलं डुंगी या यादीत नव्हतं. ते जागच्या जागी राहायचं होतं. पण शेजारी भराव चढत गेला. जी खाचरं आणि खाजणं पिढ्यान्‌पिढ्या पावसाचं पाणी अंगावर घेत होती, ती गावापेक्षा उंच झाली. २०१८च्या पावसाळ्यात डुंगीत पाणी शिरलं, २०१९मध्ये पुन्हा शिरलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने पाणी उपसायला पंप बसवले. ते पुरेना, तेव्हा या गावाच्याही पुनर्वसनाचा निर्णय झाला. ज्या घरांची जागा विमानतळाला नको होती, ती घरं विमानतळाच्या भरावाने अडवलेल्या पाण्यामुळे सोडायची वेळ आली.

नदीकाठी, खाडीकाठी, पूरक्षेत्रात मोठी जागा तयार करण्याची आपली पद्धत नेमकी कुठे चुकते, ते या लहानशा गावाइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसतं. विमानतळ असो, औद्योगिक वसाहत असो, मालगोदामं असोत की शंभर एकरांची टाउनशिप, मंजुरीच्या टेबलावर चर्चा होते ती या जागेवर पाणी तुंबेल का, याची. त्यावर भराव हे तयार उत्तर आहे. तिथून हुसकावलेलं पाणी पुढे कुठे जाऊन थांबेल, हे विचारणं कुणाच्याच कामात मोडत नाही. ते जागेच्या मालकाच्या कामात मोडलं पाहिजे. आपल्या हद्दीत पडणारं पाणी आणि आपल्या भरावाने हटवलेलं पाणी, या दोन्हींची सोय त्याने आपल्याच हद्दीत, आपल्याच खर्चाने करावी आणि ती झाली की नाही हे दरवर्षी मोजून लोकांपुढे ठेवावं.

ही मागणी भाबडी वाटू नये म्हणून आधी थोडा हिशेब.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. नवी मुंबई विमानतळाचं क्षेत्र ११६० हेक्टर. जुलैत रायगड जिल्ह्यात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस होणं काही अघटित नव्हे. तेवढ्या पावसात या एका जागेवर ११६ कोटी लिटर पाणी उतरतं. भातखाचरात बांधाच्या आत वीतभर पाणी उभं राहतं, काही मुरतं, उरलेलं वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरत उतरत उशिरा नाल्याला लागतं. काँक्रीट आणि डांबरावर यातलं काहीच घडत नाही. अभियंते त्यासाठी अपधाव गुणांक वापरतात. मोकळ्या, मातीच्या जमिनीवरून पडल्या पावसाचा साधारण पाव ते निम्मा हिस्सा लगेच वाहतो असं ते धरतात; फरसबंद जागेसाठी हाच हिस्सा नऊ दशांशांपर्यंत जातो. वाहणारं पाणी वाढतं हे खरं, पण त्याहून जास्त नुकसान त्याच्या घाईने होतं. जे पाणी पूर्वी दिवसभर थोडं थोडं उतरायचं ते तासा-दोन तासांत नाल्यावर येऊन आदळतं, आणि नाल्याची रुंदी तर तेवढीच असते.

हा झाला पावसाचा हिशेब. पुराचा हिशेब वेगळा असतो आणि तो बहुधा मांडलाच जात नाही. पूर येतो तेव्हा नदी पात्र सोडून पसरते आणि पसरलेलं पाणी काही तास तिथेच साठून राहतं. त्यामुळे खालच्या गावांत पातळी हळूहळू चढते, लोकांना गुरं सोडायला, सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. एका हेक्टर पूरक्षेत्रात मीटरभर पाणी उभं राहत असेल, तर तेवढ्यात एक कोटी लिटर साठतं. तिथे भराव पडला की ही साठवण कायमची गेली. भरलेल्या बादलीत वीट टाकली की पाणी काठावरून सांडतं. नदीकाठच्या भरावाचंही तसंच आहे, फक्त ते सांडतं कुणाच्या अंगणात हे वीट टाकणाऱ्याला दिसत नाही. भराव पुराच्या पातळीच्या वर किती उंच गेला याला इथे महत्त्व नाही. पातळीच्या खाली त्याने किती जागा व्यापली, तेवढ्याच घनमीटरांचा खड्डा जवळपास कुठेतरी खणून द्यायला हवा.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. तत्त्व चांगलं आहे. उणीव ही, की या रेषा आखल्या त्या दिवशीच्या जमिनीवर काढलेल्या असतात. पुढे कुणी लाल रेषेच्या आत दोन मीटर भराव घातला की त्याची जागा पुराच्या पातळीच्या वर जाते आणि पूर्वी कोरड्या राहणाऱ्या शेजाऱ्याची जागा खाली येते. भराव टाकणारा सुरक्षित म्हणून गणला जातो. शेजाऱ्याला आपण आत आलो हे पहिल्या मोठ्या पुरातच कळतं. मोठ्या जागेला परवानगी देताना भराव गृहीत धरून दोन्ही रेषा पुन्हा काढल्या आणि त्या शेजारच्या गावांच्या ग्रामपंचायतीत लावल्या, तर निम्मे वाद आधीच निकाली निघतील.

खाडीकाठी आणखी एक अडचण येऊन मिळते, ती भरतीची. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, ती उगाच नाही. भरतीच्या वेळी खाडीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर असते. नाला कितीही रुंद केला तरी त्या काही तासांत पाणी बाहेर पडणार नाही. उलट खाडीच आत येईल.

कोकणच्या शेतकऱ्याने याचं उत्तर फार पूर्वी शोधलं होतं. पेण, अलिबाग, पनवेल या पट्ट्यात खारजमिनीभोवती मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी बसवायची. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. बांधाला खांड पडली की सगळा गाव रात्री-अपरात्री चिखल टाकायला जायचा, कारण एका खांडीतून शिरलेलं खारं पाणी सगळ्यांचंच शेत नासवायचं. पुढे १९४८ आणि १९७९च्या कायद्यांनी ही व्यवस्था सरकारकडे आली. बांधांची देखभाल ढिली पडत गेली आणि उधाणाचं पाणी शेतात शिरल्याच्या बातम्या आजही दर पावसाळ्यात रायगडातून येतात. तरी मूळ रचनेत खोट नव्हती. जमीन खाडीपेक्षा खाली असली तरी वेळ साधून पाणी बाहेर काढता येतं, फक्त तोवर थांबायला त्याला जागा हवी, हे ती माणसं ओळखून होती.

१९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं. नेदरलँडमधल्या समुद्रपातळीखालच्या जमिनींची पद्धत म्हणून तिचं वर्णन होतं. वाशी, नेरूळ, बेलापूर अशा सखल भागांत खाडीच्या कडेला धारण तलाव खणले गेले. शहरातले नाले या तलावांत उतरतात आणि तलावाच्या खाडीकडच्या तोंडावर झडपा असतात. भरतीत झडप बंद, पाणी तलावात. ओहोटीत झडप उघडी, तलाव रिकामा. विजेची गरज नाही, पंपाची नाही. नेरूळला ज्याला लोक ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ म्हणतात आणि जिथे सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची गर्दी असते, तो असाच एक धारण तलाव आहे. त्याच्या काठाने चालणाऱ्या कित्येकांना आपल्या सोसायटीचं तळघर कोरडं राहण्याशी या पाण्याचा संबंध आहे हे ठाऊक नसेल.

अशा तलावाला किती जागा लागते? शंभर हेक्टरची वसाहत धरा. भरतीमुळे झडप तीन तास बंद राहिली आणि त्या तीन तासांत ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला, त्यातला ८० टक्के वाहून आला, तर १ लाख २० हजार घनमीटर पाणी थांबवायला हवं. तलावात दीड मीटर खोली पाण्याच्या चढउतारासाठी मोकळी असेल तर आठ हेक्टरचा तलाव लागेल. शंभरातली आठ हेक्टर. बिल्डरला किंवा नियोजन प्राधिकरणाला हा आकडा जिव्हारी लागतो, कारण खाडीकाठची आठ हेक्टर जमीन म्हणजे आज शेकडो कोटी रुपये. म्हणून तलाव आराखड्यात आठाचा सहा होतो, आणि जागेवर सहाचा चार. आणि जो राहतो त्यात गाळ साचतो. दीड मीटरातला पाऊण मीटर गाळाने भरला की कागदावर आठ हेक्टरचा असलेला तलाव कामापुरता चार हेक्टरचा उरतो. वरून पाहिलं तर पाणी तेवढंच चकाकत असतं. कुणाला काही कळत नाही.

नवी मुंबईत नेमकं हेच घडलं. वर्षानुवर्षं गाळ निघाला नाही. खारं पाणी आणि मऊ गाळ मिळाल्यावर तिथे कांदळवन उगवलं. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८च्या निकालाने ती पक्की केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी बंधनकारक झाली. कांदळवन वाचवणारा हा निकाल मोलाचा आहे आणि त्याला बोल लावणं अन्यायाचं ठरेल. पण त्याचा एक परिणाम असा झाला की तलावातला गाळ काढायचा तर आधी कांदळवनाचा प्रश्न सोडवायचा, आणि तो सोडवण्यात वर्षं गेली. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की बेलापूर, सानपाडा, वाशीच्या सखल सेक्टरांत पाणी साचतं. पर्यावरण विरुद्ध नागरी सुविधा असा वाद त्यावरून उभा राहतो, तो फसवा आहे. तलाव दर उन्हाळ्यात साफ झाला असता तर त्यात कांदळवन उगवायला गाळच उरला नसता. शंभर टक्के चूक देखभालीची असताना तिची शिक्षा झाडांना किंवा रहिवाशांना, यांपैकी कुणालाच होता कामा नये.

आता पुन्हा विमानतळाकडे. उलवे आणि गाढी या दोन नद्यांच्या मुखाशी, पनवेल खाडीच्या कडेला ही जागा आहे. सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी कापून त्याच मुरूम-दगडाने सखल भाग भरला. सुरुवातीच्या आराखड्यात दोन्ही नद्या वळवायच्या होत्या. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मंजुरी दिली, तोवर झालेल्या घासाघिशीत दोन धावपट्ट्यांमधलं अंतर कमी करून गाढीचा प्रवाह जागेवर ठेवला गेला. वळवली ती उलवे. ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी. हजारो कोटींच्या प्रकल्पाचा नकाशा नदीसाठी बदलता येतो, आणि बदलल्याने प्रकल्प मोडत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. गाढी तिच्या जुन्या वाटेने वाहते आहे.

उलवेच्या नव्या वाटेबद्दल मात्र निश्चिंत राहून चालणार नाही. निसर्गाने घडवलेली नदी वळणं घेत, कधी पसरत कधी आक्रसत समुद्राला मिळते आणि गाळ कुठे टाकायचा हे तिचं ठरलेलं असतं. खणलेला कालवा सरळ आणि एकसारख्या रुंदीचा असतो. भरतीच्या टोकाला प्रवाह मंदावला की गाळ तिथेच बसतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने, १९१६पासून हेच काम करत आलेल्या संस्थेने, या जागेच्या प्रवाहांचा अभ्यास केला आहे. पण अभ्यास होतो तो कोऱ्या, स्वच्छ कालव्याचा. पंधरा पावसाळ्यांनंतरचा कालवा तसा ठेवायचा तर दरवर्षी त्याचे काटछेद मोजावे लागतात, आणि आपल्याकडे उद्‌घाटनानंतरच्या मोजमापाला निधी सहजासहजी मिळत नाही.

विमानतळाच्या बाबतीत एक पेच खरोखर अवघड आहे. उघडं पाणी पक्ष्यांना बोलावतं, आणि पक्षी धावपट्टीजवळ नकोत. ठाणे खाडीत तर फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. त्यामुळे धारण तलाव नकोच, असा युक्तिवाद होतो. त्यावर तोडगा आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने विमानतळाजवळच्या पावसाळी तळ्यांसाठी घातलेली अट अशी, की पाऊस थांबल्यावर ४८ तासांत तळं रिकामं व्हावं आणि दोन पावसांमधल्या काळात ते कोरडं राहावं. म्हणजे कायम पाण्याचा तलाव टाळून उतरत्या काठाचं, गवत धरलेलं, पटकन रिकामं होणारं कोरडं तळं करायचं. किंवा वाहनतळाखाली, टॅक्सीवेच्या कडेला जमिनीखाली टाक्या बांधायच्या. कोकणात जुलैमध्ये दोन पावसांमधला कोरडा काळ फारसा मिळत नाही, म्हणून इथे जमिनीखालच्या साठवणीवर भर द्यावा लागेल. खर्च वाढेल. तो खर्च विमानतळाच्या ताळेबंदात दिसणं हेच न्यायाचं आहे, कारण तो तिथे दिसला नाही तर पारगावच्या आणि पनवेलच्या घरांत दिसतो.

जुन्या मुंबई विमानतळाचा अनुभव तर डोळ्यांसमोर आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांचं पाणी घेऊन निघालेली मिठी नदी विमानतळाच्या हद्दीत काटकोनात वळते आणि धावपट्टीखालून जाते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला; त्याच काळात कुलाब्याला ७३ मिलिमीटर होता. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने, तेही ओहोटी धरून, बांधलेल्या होत्या. १९९३मध्ये या वाहिन्यांवरच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटरवर न्यायला सांगितलं होतं. बारा वर्षांत त्यातलं फार थोडं झालं होतं. विमानतळ बंद पडला. खाली कुर्ल्यात, कलिन्यात, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या बाजूला मिठीने जे केलं ते मुंबईकर विसरलेले नाहीत. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने त्यानंतर मिठीची रुंदी, वळणं आणि अडथळे यांचा सविस्तर पंचनामा केला. आजही जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या कुटुंबांना शाळेत हलवतात. त्यांच्या वरच्या अंगाला विमानतळाची शेकडो हेक्टरची फरसबंद जागा आहे. त्या जागेतून त्या घटकेला किती पाणी मिठीत सोडलं जातंय, याचा आकडा त्या कुटुंबांना कुणी देत नाही.

केरळमधल्या कोचीने हा धडा दोनदा गिरवला. नेडुंबासेरीचा विमानतळ १९९९मध्ये भातशेतीच्या जमिनीवर सुरू झाला. धावपट्टीने चेंगल थोडू हा पेरियार नदीला जोडलेला ओढा तोडला. ऑगस्ट २०१८च्या महापुरात विमानतळ १५ ते २९ तारखेपर्यंत बंद राहिला, संरक्षक भिंत अडीच किलोमीटरहून जास्त लांबीत कोसळली, सौर पॅनेलं पाण्यात गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा काही दिवस बंद पडला. त्यानंतर कंपनीने ‘ऑपरेशन प्रवाह’ नावाने काम काढलं. वळवलेला कालवा रुंद केला, नाले साफ केले, पूल आणि पाणी नियंत्रणाची दारं बांधायला घेतली. त्यातला लक्षात घेण्याजोगा भाग हा की काम कुंपणाच्या आत थांबलं नाही. आसपासच्या पंचायतींमधले ओढेही त्यात घेतले. भिंत उंच करून पाणी थांबत नाही हे भिंत पडल्यावर कळलं. चेन्नईलाही डिसेंबर २०१५मध्ये कळलं, जिथे अड्यार नदीवरून पुलावर नेलेली दुय्यम धावपट्टी आणि सारा विमानतळ पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस बंद राहिला.

मोठी जागा नेहमी चौकोनीच असते असं नाही. ती लांबलचकही असते. पंचगंगेच्या पूरक्षेत्रातून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ भरावावरून नेला आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत तो पाण्याखाली जाऊन दिवसच्या दिवस बंद राहिला. कोल्हापूरला जाणारं पेट्रोल, दूध, औषधं अडकली. भराव काढून तिथे खांबांवरचा पूल करा, पाणी खालून जाऊ द्या, ही कोल्हापूर-सांगलीच्या लोकांची मागणी आहे. ती रास्त आहे. भरावात ठेवलेल्या मोऱ्या रोजच्या ओढ्याच्या पाण्यापुरत्या असतात; दोन-तीन किलोमीटर रुंद पसरलेल्या नदीला त्यांतून वाट मिळत नाही. खांबांवरचा रस्ता महाग पडतो हे उत्तर द्यायचं असेल, तर दोन पुरांत तुंबलेल्या पाण्याने बुडवलेल्या ऊसशेतांची आणि घरांची किंमतही त्याच कागदावर मांडावी.

हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं म्हणणाऱ्यांनी दोन ठिकाणं पाहावीत. अ‍ॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ १८५२मध्ये वाफेच्या पंपांनी उपसून कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळावर, समुद्रपातळीपेक्षा तीन-चार मीटर खाली आहे. तिथे नवं फरसबंद क्षेत्र वाढवायचं तर त्या प्रमाणात उघड्या पाण्याची जागा वाढवून द्यावी लागते, आणि २००३पासून नेदरलँडमध्ये जमीन वापराच्या प्रत्येक आराखड्याला जलमंडळाचा सल्ला घेणं कायद्याने सक्तीचं आहे. जलमंडळ स्वतंत्र असतं, त्याचे बहुतेक सदस्य निवडून येतात, त्याचा कर वेगळा असतो. विकासक आणि परवाना देणारा एकच, असा प्रकार तिथे होत नाही. नवी मुंबईत सिडको जमिनीची मालक आहे, नियोजन प्राधिकरण आहे आणि प्रकल्पाची भागीदारही आहे. पाण्याचा हिशेब तिनेच मांडायचा आणि तिनेच तपासायचा, हे तिच्यातल्या प्रामाणिक अभियंत्यांवरही अन्याय करणारं आहे.

दुसरं ठिकाण सिंगापूर. पाऊस आपल्यासारखा, जमीन आपल्यापेक्षा महाग. तिथे जानेवारी २०१४पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या बांधकामाला आपल्या हद्दीतून सुटणाऱ्या पाण्याचा कमाल वेग मर्यादेत ठेवावा लागतो. कुणी गच्चीवर, कुणी तळघराखाली, कुणी बागेत पाणी थांबवतं आणि मग हळू सोडतं. ०.२ हेक्टर म्हणजे अर्धा एकर. आपण ११६० हेक्टरांबद्दल बोलत आहोत.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. अर्जासोबत पर्जन्यजल निचऱ्याचा आराखडा जोडला जातो, विकासाआधी आणि नंतर किती पाणी वाहील याचं कोष्टकही असतं. महाराष्ट्रात मोठ्या भूखंडांना पावसाचं पाणी साठवण्याची सक्ती आहे. पण हे कोष्टक मंजुरीच्या दिवशी फाइलमध्ये बंद होतं. कुणी पहिल्या पावसाळ्यात छत्री घेऊन त्या जागेच्या निचऱ्याच्या तोंडाशी उभं राहून बघत नाही की कोष्टकात लिहिलेलं पाणी आणि सुटणारं पाणी यांचा मेळ बसतो का. साठवण टाकीत दोन वर्षांनी गाड्या उभ्या राहतात, शोषखड्ड्यांवर फरशी पडते. सोसायटीच्या नव्या समितीला ती टाकी कशासाठी होती हेही सांगितलेलं नसतं.

मोजायला फार काही लागत नाही. मोठ्या जागेच्या प्रत्येक निचऱ्याच्या मुखाशी पातळी नोंदवणारं साधं यंत्र, जागेवर एक पर्जन्यमापक आणि हद्दीबाहेरच्या सर्वांत सखल वस्तीत पुराची पातळी दाखवणारा एक पूरखांब. तिन्हींचा खर्च अशा प्रकल्पाच्या पर्यावरण खर्चात अगदी किरकोळ ठरेल. सुटणारं पाणी ठरल्यापेक्षा जास्त निघालं तर पुढचा टप्पा, पुढचं भोगवटा प्रमाणपत्र थांबवायचं. नुकसान झालेल्या वस्तीला मदत सरकारी तिजोरीतून न देता प्रकल्पाने आधी ठेवलेल्या अनामत रकमेतून द्यायची. शेजारच्या ग्रामसभेला आराखडा मंजुरीआधी दाखवायचा. त्यातही आकडे नकोत, पातळ्या हव्यात: तुमच्या देवळाच्या पायरीला, तुमच्या शाळेच्या जोत्याला, भरावाआधी पाणी इथवर येत होतं, भरावानंतर इथवर येईल. हे समजायला अभियंता असावं लागत नाही, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना जुन्या पुराच्या खुणा बहुतेक नकाशांपेक्षा नेमक्या माहीत असतात.

यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायला नको. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तारखा आपल्या पावसाळ्याच्या दोन्ही बाजूंना आयत्या पडल्या आहेत. १ जूनच्या अहवालात तलावांची आणि कालव्याची गाळ काढल्यानंतरची खोली, झडपा तपासल्याची तारीख आणि उपलब्ध साठवण घनमीटरात लिहावी. १ डिसेंबरच्या अहवालात त्या पावसाळ्यातल्या सर्वांत मोठ्या पाच पावसांत किती पाणी पडलं, किती थांबवलं, किती केव्हा सोडलं आणि शेजारच्या पूरखांबावर पातळी कुठवर चढली, ते यावं. हे दोन्ही अहवाल पनवेल, उरण आणि नवी मुंबईच्या रहिवाशांना मराठीत, संकेतस्थळावर आणि तलाठी कार्यालयाच्या फलकावर वाचायला मिळाले पाहिजेत. अशी सुरुवात नवी मुंबई विमानतळापासून व्हावी.